पांढऱ्या शर्टातला मिस्त्री

मनोहर निखाडे या माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की अजूनही माझी जीभ वळत नाही. वाईट बोलायला मी एका पायावर तयार आहे, पण तसं काही त्यानं माझ्या हाती फारसं लागू दिलं नाही. माझी पहिली तक्रार तीच आहे.

हुडकेश्वर रोडवर शेंडेकाकांचं गॅरेज आहे. एका वेळी पाच गाड्या उभ्या राहतील एवढं. मनोहरभाऊ यायच्या आधी मी तिथं चार वर्षं काढली होती. पॉलिटेक्निकचा ऑटोमोबाइल डिप्लोमा, मग एका मोठ्या सर्व्हिस सेंटरची नोकरी, त्यांच्याकडचं ट्रेनिंग, त्याची भिंतीवर लावायची सर्टिफिकेटं, असा माझा सगळा थाट. काका नवीन गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देताना 'हे आमचे डिप्लोमावाले' असं म्हणायचे. मला ते आवडायचं. मनोहरभाऊ आला तो सावनेरकडून. आधी खाणीतल्या डंपरांवर काम केलेलं, मग तिथल्याच एका छोट्या गॅरेजात. दहावी नापास. आणि अंगात पांढरा शर्ट.

गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालणारा माणूस एक तर मालक असतो, नाहीतर विमा कंपनीचा. आम्ही सगळे निळ्या डांगरीत, तीही वंगणानं काळी पडलेली. हा पांढरा शर्ट घालून गाडीखाली जायचा आणि पांढराच बाहेर यायचा. पहिल्या आठवड्यात मी मनाशी पैज लावली होती, की आज डाग पडणार. संध्याकाळी मी त्याच्या पाठीवर, कोपरांवर, कॉलरवर डाग शोधत फिरायचो. एकदा खिशापाशी एक ठिपका दिसला तेव्हा मला कोण आनंद झाला! जवळ जाऊन पाहिलं तर तो वरणाचा होता.

त्याची काम करायची तऱ्हाच वेगळी होती. गाडी आत आली की आम्ही विचारायचो, 'काय प्रॉब्लेम आहे?' तो ते विचारायचाच नाही. बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, "याले शेवटचा हात कोणी लावला?"

गिऱ्हाईक गडबडून जायचं. एसी थंड करत नाही म्हणून आलेल्या माणसाला गेल्या महिन्यात हॉर्न कुणी बदलला हे सांगावं लागायचं. पण मनोहरभाऊचा त्यावर पक्का विश्वास होता. "गाडी सोताहून बिघडत नाही गा," तो म्हणायचा, "तिले कोणीतरी बिघडवते. खड्डा, उंदीर, नाहीतर मिस्त्री." आणि पुष्कळदा ते तसंच निघायचं. बॅटरी बदलणाऱ्यानं एक नट ढिला ठेवलेला असायचा, म्युझिक सिस्टिम लावणाऱ्यानं भलतीच वायर तोडलेली असायची. मला वाटायचं, एवढं मोठं शास्त्र आम्ही तीन वर्षं बाकावर बसून शिकलो, आणि हा माणूस चौकीतल्या हवालदारासारखी चौकशी करून मोकळा होतो.

दुसरं म्हणजे उघडलेली गाडी पुन्हा बंद केल्याशिवाय तो जेवत नसे. चार वाजोत की पाच. "गाडीचं पोट उघडं टाकून आपलं पोट कसं भराचं?" त्यामुळे आम्हीही ओशाळून थांबायचो. मी नाही, बाकीचे. मी दीड वाजता डबा उघडायचो, पण तो पलीकडे वाकून काम करतोय हे दिसत असल्यामुळे घास गोड लागायचा नाही. मग तो चारला डबा उघडायचा आणि जेवून बसलेल्या मलाही बळेबळे त्यातलं द्यायचा. त्याच्या बायकोच्या हातचा गोळाभात, डाळीच्या पिठाचे तिखट गोळे घातलेला, खरंच अप्रतिम असायचा. ही गोष्ट मी घरी बोललो नव्हतो. कुणीतरी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितली आणि तिनं निखाडेवहिनींना फोन करून कृती विचारून घेतली. त्या रविवारी माझ्याच घरी माझ्या ताटात निखाडे कुटुंबाचा गोळाभात पडला.

"कसा झाला?" सुनंदानं विचारलं.

"मीठ कमी हाये," मी म्हणालो. मीठ बरोबर होतं.

एकदा बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आल्या. ब्रेक पुरता लागत नाही म्हणाल्या. गाडी माझ्याकडे आली. मी चारही चाकं काढली, पॅड तपासले, ब्रेक ऑइल बदललं, लाइनमधली हवा काढली. दोन तास गेले. चालवून पाहतो तर पेडल अजून अर्ध्यातच अडतंय. मनोहरभाऊ हात पुसत आला, त्यांना म्हणाला, "ताई, तुमी बसा अन् दाबा." स्वतः दाराशी उकिडवा बसला. मग आत हात घालून त्यानं पेडलखालून काथ्याचं जाड पायपुसणं ओढून काढलं.

"हे कोणी टाकलं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "दिवाळीत घेतलं."

"मंग शेवटचा हात तुमचाच हाय, ताई."

सगळं गॅरेज हसलं. बाईही हसल्या. मी चाकांचे नट आवळत होतो. त्यानंतर त्या बाई कधीही आल्या तरी दारातूनच विचारायच्या, "मनोहरभाऊ आहेत का?" मी समोर उभा असलो तरी.

तरीही माझं एक संस्थान शाबूत होतं. स्कॅनर. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र. ते फक्त मला यायचं, कारण त्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत. काकांनी ते माझ्या सांगण्यावरून घेतलं होतं आणि त्याची पेटी माझ्याच कपाटात असायची. नव्या गाड्यांत काही बिघडलं की मनोहरभाऊला माझ्याकडे यावं लागायचं, आणि मी दोन मिनिटं मुद्दाम उशीर लावायचो.

एक दिवस तो म्हणाला, "विलास, मले हे मशीन शिकव ना गा."

"मनोहरभाऊ, सगळं इंग्रजीत हाये त्याच्यात."

"वाचता तं येत नाही मले पटपट. पण नंबर तं नंबरच असते ना?"

नाही कसं म्हणणार? शिकवलं. मनात म्हटलं, आठवड्यात कंटाळेल. त्यानं शाळेची दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक बिघाडाचा नंबर आपल्या गोल गोल अक्षरात मराठीत लिहायला लागला. 'सी शून्य शून्य पस्तीस: पुढचं डावं चाक, सेन्सर बोलत नाही.' 'पी शून्य तीनशे एक: पहिला सिलिंडर रुसला.' महिनाभरात वही अर्धी भरली. दुसऱ्या महिन्यात गॅरेजमधली बाकीची मंडळी स्कॅनरवर नंबर आला की त्या वहीत पाहू लागली. माझ्या सर्टिफिकेटांकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच्यात दोष नव्हते असं नाही. कुणी स्तुती केली की 'नाही नाही, काहीच्या काही' म्हणत तो हळूच चारही बाजूंना पाहायचा, कुणाकुणाच्या कानावर गेलं ते. कापूस फुटला की दहा-बारा दिवस सरळ गावाला निघून जायचा, भावाला मदत करायला. काका त्यावर चकार शब्द काढत नसत. मी पुतणीच्या लग्नाला दोन दिवस मागितले तर म्हणाले, "दोन दिवस? लग्न तं एकाच दिवसाचं असते ना?"

अशात काकांनी बेसा भागात दुसरं वर्कशॉप काढायचं ठरवलं. तिथं एकाला प्रमुख म्हणून बसवणार, असं त्यांनी आम्हा दोघांना एकत्र बोलावून सांगितलं. "दिवाळीच्या नंतर ठरवीन. दोघंही मले सारखेच." सारखेच, हा शब्द मला झोंबला. चार वर्षं आधीचा मी. डिप्लोमा माझा. ती जागा मला हवी होती, इतकी हवी होती की मी घरी सुनंदाला जवळजवळ झाल्यासारखंच सांगून बसलो. तिनं तिच्या भावाला सांगितलं. त्यानं काटोलहून अभिनंदनाचा फोन केला. आता ती जागा गेली असती तर मला काकांच्या आधी मेव्हण्याला तोंड दाखवता आलं नसतं.

दिवाळी झाली आणि मनोहरभाऊ कापसाला गेला. मला बरं वाटलं. त्याच आठवड्यात इंगोले सरांची गाडी आली.

इंगोले सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, काकांचे जुने गिऱ्हाईक. सरांच्या मिसेसच्या कपाळाला पट्टी होती. आदल्या दिवशी रस्त्यात कुत्रं आडवं आलं, सरांनी करकचून ब्रेक दाबला, खाली बारीक गिट्टी. चाकं जाम झाली आणि गाडी घसरत नालीच्या काठापर्यंत गेली. असं व्हायला नको, यासाठीच गाडीत एबीएस असतं. जोरात ब्रेक दाबला तरी ते चाकाला जाम होऊ देत नाही, क्षणात सोडतं, क्षणात धरतं, म्हणजे गाडी सरळ राहते. सरांच्या गाडीत ते बंद पडलं होतं. समोर पिवळा दिवा लागलेला.

"सर, हा दिवा कधीपासून लागतो?" मी विचारलं.

"तो? दोनएक महिने झाले असतील. आम्हाला वाटलं, लागला आहे म्हणजे चालू आहे."

मी स्कॅनर लावला. पुढचं डावं चाक, सिग्नल नाही. गाडी चालवत पडद्यावर पाहिलं, तीन चाकं तीसचा वेग दाखवत होती आणि हे एक शून्य. सेन्सर बदलला. तरी शून्य. वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली, धडधाकट. सेन्सर चांगला, वायर चांगली, मग राहिलं कोण? मॉड्यूल. एबीएसचा मेंदू. असं काम आमच्या गॅरेजात तोवर कुणी केलं नव्हतं. मला वाटलं, देवानंच पाठवली ही गाडी.

काकांना मी सगळं समजावून सांगितलं, थोडं जास्तच इंग्रजी वापरून. मॉड्यूल पुण्याहून मागवला. तो आला त्या दिवशी मी सकाळपासून कुणाला जवळ येऊ दिलं नाही. जुना काढला, ब्रेकच्या नळ्यांची तोंडं बंद करून ठेवली, नवा बसवला, एकेका चाकाची हवा काढली, मग स्कॅनरमधून नव्या मॉड्यूलला गाडीची ओळख करून दिली. पिवळा दिवा विझला. काका मागे उभे होते. म्हणाले, "वा!" सरांना फोन करून बोलावलं. काका मागे, सर शेजारी, मी चालवतोय. गॅरेजच्या गेटातून निघालो, वळलो, जरा वेग घेतला आणि दिवा लागला.

 सर म्हणाले, "पुन्हा चालू झालं वाटतं." ते चांगल्या मनानंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मनोहरभाऊ परत आला. पांढरा शर्ट, हातात घरच्या तुरीच्या शेंगांची पिशवी. मी मान वर केली नाही. काकांनीच त्याला सगळं सांगितलं. तो गाडीपाशी आला, डाव्या चाकाजवळ बसला, आणि विचारलं, "याले शेवटचा हात कोणी लावला?"

मी म्हणणार होतो, कुणी नाही. आणि मला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी सरांची गाडी घरघरते म्हणून आली होती. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. ते मी बदललं होतं.

"मी," मी म्हणालो.

 काका फोनवर बोलत बोलत कुठल्याशा कामाला बाहेर निघून गेले होते. त्यानं टेबलावरची एक टाचणी घेतली, चिंधीतला एक दोरा ओढून तिला बांधला, सेन्सर काढला आणि त्या भोकात टाचणी लोंबती सोडली. टाचणी सरळच लोंबत राहिली. त्या बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकाची काळी कडी असते, सेन्सर तिच्याकडे पाहून चाकाचा वेग मोजतो. टाचणी तिथं ओढली जायला हवी होती.

"उलटं बसलं हाये, विलास," तो हळू म्हणाला.

काळी बाजू आत, सेन्सरकडे. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं. आणि तो दिवस मला आता स्वच्छ आठवत होता. मी दाबून बसवायच्या प्रेसवर बेअरिंग ठेवत होतो आणि पलीकडे बँकेच्या त्या बाई मनोहरभाऊला सांगत होत्या, की आमच्या ऑफिसातले सगळे आता तुमच्याकडेच येणार. मी तिकडे पाहत होतो. त्याचा हळूच चारही बाजूंना पाहणारा चेहरा बघत होतो. हात आपले काम करत होते. त्या हातांनी सरांच्या मिसेसच्या कपाळाची पट्टी तयार करून ठेवली होती, आणि नाली थोडी जवळ असती तर त्याहून वाईट.

"जाय, नवं बेअरिंग घेऊन ये," तो म्हणाला. "काका यायच्या आत."

मी आणलं. दोघांनी मिळून बसवलं. रिंग रोडच्या कच्च्या कडेला नेऊन मी गिट्टीवर ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी सुतासारखी सरळ थांबली. दिवा विझलेला. मनोहरभाऊ शेजारी बसला होता. 

गॅरेजमध्ये काका आणि सर वाट पाहत होते. मी तोंड उघडायच्या आधी मनोहरभाऊच म्हणाला, "कनेक्टरमधी पाणी शिरलं होतं. विलासनं काढलं शोधून."

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मले माहीत होतं. डिप्लोमावाला हाये आमचा."

लोकांना वाटतं, माणूस खरं बोलतो ते सद्गुणामुळे. मी माझं सांगतो. त्या क्षणी मला बेशाचं वर्कशॉप दिसलं, त्यातली माझी खुर्ची दिसली आणि त्या खुर्चीखाली मनोहर निखाडेचा हात दिसला. जन्मभर मी त्या हातावर बसणार. तो कधी बोलून दाखवणार नाही, आणि त्याचं न बोलणं मला रोज ऐकू येणार. माझ्या पोटात अशी काही आग उठली की मी ओरडलोच, "पाणी-बिणी काही नव्हतं, काका. बेअरिंग उलटं बसवलं होतं, मी. मॉड्यूल चांगलाच होता. सर, तुमची गाडी माझ्यामुळे घसरली."

काकांचा हात पाठीवरून खाली आला. सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "स्वतःहून चूक सांगणाऱ्या मुलाला मी कधी छडी मारली नाही." थोडं थांबून पुढे म्हणाले, "पण मॉनिटरही केलं नाही."

काकांनी सरांचं ऐकलं. बेशाची जागा मनोहरभाऊला मिळाली. तो नको-नको वगैरे काही म्हणाला नाही, खुशाल घेतली. पेढे वाटले. मला दोन दिले. मेव्हण्याला मी सांगितलं की मीच नाही म्हटलं, घरापासून लांब पडतं.

तीन वर्षं त्यानं ते वर्कशॉप चालवलं. गिऱ्हाइकं त्याच्यामागे बेशाला गेली. मग त्याच्या भावाची कंबर धरली, शेताकडे पाहायला कुणी उरलं नाही, आणि मनोहरभाऊनं सावनेरला कायमचं परत जायचं ठरवलं. काकांनी बेशाची किल्ली माझ्या हातात दिली. मिळाली, पण उतरलेल्या कपड्यासारखी.

निघायच्या दिवशी काकांनी मला त्याला सीताबर्डीच्या बसस्टँडवर सोडून यायला सांगितलं. दुपारची वेळ, बस फलाटाला लागलेली, सुटायला दहाएक मिनिटं. तो खिडकीशी बसला, मी खाली उभा. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं असे बिनकामाचे कधी समोरासमोर आलो नव्हतो. 

तोच म्हणाला, "विलास, एक सांगू? लय जळलो गा मी तुह्यावर."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "माझ्यावर? काहून?"

"त्या इंगोले सराच्या गाडीच्या दिवशी. मी झाकून टाकलं होतं सारं, अन् तू भर चौघांत सांगून मोकळा झाला. तुले काय वाटते, मले ते टाचणी लावल्यावर समजलं? विचारतानीच समजलं होतं. माह्या हातानं बसलं होतं तसंच एक, सावनेरच्या गॅरेजात. मी नाही सांगितलं. दुसऱ्या मिस्त्रीवर गेलं ते, त्याची नोकरी गेली." तो खिडकीच्या गजाकडे पाहत होता. "तुह्याएवढी हिंमत माह्यात नव्हती. ती खुर्ची खरं तं तुही होती. तीन वर्षं बसलो तिच्यात, पण रोज वाटे, माणूस तो खरा."

 मनोहर निखाडे माझ्यावर जळत होता. इतकी वर्षं. मला इतका आनंद झाला की तो छातीत मावेना. आणि त्याच वेळी त्याचे ते उतरलेले खांदे पाहून रडूही येत होतं.

त्या दिवशी मी बोललो ती हिंमत नव्हती. त्याचे उपकार नकोत म्हणून उठलेली, माझ्या जळकेपणाची आग होती ती, आणि बेअरिंग उलटं बसलं तेही त्याच आगीपायी. दोन वाक्यांत सांगण्यासारखं होतं. सांगितलं असतं तर तो सुटला असता, गावाला हलका होऊन गेला असता. बस सुटायला वेळही होता. मी समोरच्या दुकानातून पाण्याची थंड बाटली आणली, खिडकीतून त्याच्या हातात दिली, बस निघाली तशी दोन पावलं तिच्यासोबत चाललो, हात हलवला, आणि सांगितलं नाही.